चार खोल्या आणि एक सही

सुनयना कारखानीसने त्या सप्टेंबरात नऊ प्राध्यापकांना पत्रं लिहिली. चौघांचं उत्तरच आलं नाही. दोघांनी 'सध्या जागा नाही' एवढंच कळवलं. एका बाईंनी चुकून दुसऱ्याच कुणाला लिहिलेलं उत्तर तिला धाडलं. त्यात 'तुझं वय अजून लहान आहे बेटा, घाई कशाला' असं होतं. सुनयनाचं वय चव्वेचाळीस. मयूर विहारहून निघालेल्या मेट्रोत उभ्या उभ्या तिने ते वाचलं, एकटीच हसली, आणि पुढचं स्टेशन येईपर्यंत तीनदा पुन्हा मेल उघडून पाहिला. आठव्या प्राध्यापकांनी मात्र फोन केला.

"मॅडम, एक बात बताइए," ते म्हणाले, "इस उमर में पीएचडी करके करेंगी क्या?"

याचं उत्तर तिच्याकडे होतं, पण फोनवर ते धड सांगता आलं नाही.

ती राजेंद्र नगरातल्या 'कृष्णाबाई निवास'ची व्यवस्थापक होती. दिल्लीतल्या जुन्या मराठी मंडळींनी उभारलेलं हे अतिथिगृह. वर चोवीस खोल्या, खाली एक सामायिक हॉल. परीक्षेला आलेली मुलं तिथे उतरत, सरकारी कामं घेऊन आलेले लोक उतरत, पण निम्म्याहून जास्त खोल्यांत दिल्लीच्या मोठ्या इस्पितळांत उपचाराला आलेले पेशंट आणि त्यांची माणसं असत. अकरा वर्षं सुनयना त्यांच्या हातात किल्ल्या देत होती. हळूहळू ती त्यांच्याशी बोलायला लागली, बोललेलं लिहून ठेवायला लागली. पेशंटबरोबर यायला रजा कोणी टाकली, शाळकरी पोरं गावी कुणाकडे ठेवली, परक्या शहरात भाकरी कोण थापतं. अशा सात वह्या भरल्या. वीस वर्षांपूर्वी तिने समाजशास्त्रात एम.ए. केलं होतं, पुढचं शिक्षण लग्न आणि मुलगी यांत राहून गेलं ते राहूनच गेलं. आता तिला या वह्यांचं काहीतरी नीट करायचं होतं.

नोकरी सांभाळून पीएचडी करता येत होती. पण अर्जावर आधी मार्गदर्शकाच्या संमतीची सही लागायची, आणि अर्जाची शेवटची तारीख पंधरा डिसेंबर होती.

"एक सही मिळाली की झालं," तिचा नवरा कौस्तुभ म्हणायचा. "बाकी तू करशीलच."

'झालं' म्हणायला सोपं होतं. सुनयनाला कुठे बसवेना. कुकरला शिट्ट्या होत असायच्या आणि ती मोबाइल घेऊन गॅलरीत उभी. एकदा वरणाचा पार कोळसा झाला. सतरा वर्षांची देविका म्हणाली, "आई यार, बारावीला मी आहे की तू?"

नववे होते प्रोफेसर अंशुमन माथुर. मोठं नाव, टीव्हीवरच्या चर्चांत दिसायचे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी तिला बोलावलं. उठून खुर्ची पुढे केली, चहा मागवला. तिने प्रस्तावाचं पाकीट टेबलावर ठेवलं, शिवाय नमुना म्हणून एक वही. त्यांनी वही हातात तोलून पाहिली, उघडली नाही.

"आप काम कहाँ करती हैं?"

"कृष्णाबाई निवास में, सर. राजेंद्र नगर."

"अच्छा! वो मेट्रो के पास वाला? बड़ी साफ-सुथरी जगह है." सरांचा चेहरा खुलला. "बिल्कुल करेंगे आपका काम. समझिए, आज से आप मेरी स्टूडेंट."

दहा मिनिटांत सगळं झालं. जिन्यातूनच तिने कौस्तुभला फोन लावला. त्या संध्याकाळी देविकाने फ्रिजवर चिठ्ठी चिकटवली: 'डॉ. आई'. सुनयनाने ती काढायला लावली, मग स्वतःच पुन्हा चिकटवली.

चार दिवसांनी सरांचा फोन आला. भाच्याची मुलाखत होती, दोन दिवस खोली मिळेल का? खोली रिकामी होती. सुनयनाने दिली. पुढच्या आठवड्यात लखनौहून त्यांचे मित्र आले. मग मित्राचे साडू. प्रत्येक वेळी ती "जी सर" म्हणायची आणि शेवटी हळूच अर्जाचं विचारायची.

"हाँ हाँ, आपका प्रपोज़ल देख रहा हूँ. ज़रा तसल्ली से देखना है."

नोव्हेंबर उजाडला. हवेत धूर इतका, की दुपारीही समोरची इमारत पुसल्यासारखी दिसायची. सुनयना सुट्टी टाकून पुन्हा विभागात गेली. सर वर्गावर होते. त्यांच्या खोलीचं दार उघडं होतं, आणि खिडकीतल्या ढिगात तिचं पाकीट होतं. त्याची चिकटपट्टी तिने लावली होती तशीच होती.

बाहेर व्हरांड्यात ती कौस्तुभशी फोनवर बोलत उभी राहिली. फोन ठेवला तेव्हा शेजारी उभी असलेली एक मुलगी म्हणाली, "तुम्ही मराठी? मी रसिका. सरांची स्टूडेंट, पाचवं वर्ष."

दोघी कँटीनमध्ये बसल्या. रसिका गुडगावची; शब्द शोधत, हिंदीच्या टेकूने मराठी बोलणारी. थोडा वेळ तिने इकडचं-तिकडचं विचारलं. मग म्हणाली, "ताई, एक सांगू? सर वाचत नाहीत."

"म्हणजे?"

"माणूस वाईट नाही हं. ओरडत नाहीत, त्रास देत नाहीत. फक्त वाचत नाहीत. माझा एक चॅप्टर दीड वर्ष त्यांच्याकडे आहे."

"मग तुला घेतलं कसं त्यांनी?"

"माझ्याकडे गाडी आहे," रसिका म्हणाली. "सरांच्या आईचं डायलिसिस असतं, मंगळवारी आणि शुक्रवारी. मी नेते." तिने कप बाजूला सरकवला. "आणि तुमच्याकडे खोल्या आहेत. सगळ्या डिपार्टमेंटला माहीत आहे."

सुनयनाचे कान तापले. रसिका पुढे सांगत होती की वरच्या मजल्यावर डॉ. कुमुद रावत आहेत, त्या सहजी कुणाला घेत नाहीत, गेल्या वर्षी दोघांना परत पाठवलं, पण वाचतात. इतकं वाचतात की रडू येतं. सुनयनाने धड ऐकलं नाही. ही पोरगी स्वतःचा वैताग माझ्यावर काढतेय, असं तिने मेट्रोत मनाशी ठरवून टाकलं. तरीही यमुनेचा पूल आला तोवर तिने कँटीनच्या बिलाच्या बारीक बारीक चिंध्या केल्या होत्या.

विसाव्या तारखेच्या सुमाराला सरांचा पुन्हा फोन आला. पुतणीचं लग्न. मुलाकडची माणसं लखनौहून येणार, तीन दिवसांसाठी चार खोल्या. "और वो फॉर्म भी ले आइएगा," सर म्हणाले. "निपटा देते हैं."

खोल्या तीनच रिकाम्या होत्या.

चौथी म्हणून सहा नंबरचा विचार तिच्या मनात आला. त्या खोलीत परभणीकडचे संपतराव आणि त्यांची बायको लता होती. संपतराव एसटीच्या डेपोत मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले. लताबाईंच्या जबड्याचं ऑपरेशन झालेलं, आता रोज इस्पितळात रेडिएशनचे शेक द्यायला न्यायचं. भाचा शंभू दिल्लीच्या लष्करी छावणीत शिपाई, त्याच्या भरवशावर ती दोघं आली, आणि महिन्याभरात त्याची बदली जोधपूरला झाली. निवासात एका कुटुंबाला पंधरा दिवस, फार तर तीस, असा नियम. त्यांचे तीस दिवस आदल्याच दिवशी भरले होते. अशा वेळी सुनयना सहसा न बोलता मुदत वाढवायची. या वेळी तिने नियम वापरला.

"काका, तीनच दिवस खाली हॉलमध्ये राहाल का? मग खोली परत तुमचीच."

संपतरावांनी खाटेखालची पिशवी बाहेर ओढली. मग म्हणाले, "राहतो की ताई. तुमी इतकं करता आमच्यासाठी. आमचं काय, चार भिंती असल्या म्हंजे झालं."

त्यांनी पिशव्या स्वतःच खाली नेल्या. लताबाई तोंडाला पदर लावून भिंतीच्या आधाराने एकेक पायरी उतरत होत्या. सुनयना मदतीला पुढे झाली तर त्यांनी हातानेच 'राहू द्या' म्हटलं.

ते तीन दिवस सुनयना ऑफिसात टिकून बसलीच नाही. वर जायची, वऱ्हाडाला गरम पाणी मिळतंय का बघायची. खाली यायची, पण हॉलच्या दाराशी पोचून काहीतरी काम आठवल्यासारखी मागे वळायची. पाहुण्यांची नोंद ठेवणाऱ्या सहकारी अरुणाताईंनी विचारलंसुद्धा, "काय गं, पायाला भिंगरी लागलीय का?"

चौथ्या दिवशी संपतराव-लताबाई परत सहा नंबरात गेले. पाचव्या दिवशी माथुर सरांनी सही केली. अर्ज समोर ठेवताच पेन काढलं, तिने जिथे बोट ठेवलं तिथे नाव लिहिलं आणि लग्नातल्या जेवणाबद्दल बोलत राहिले. विषयाचं शीर्षक काय आहे हेही त्यांनी पाहिलं नाही.

सही मिळाली. हवी होती ती, वेळेआधी. सुनयना जिन्यापाशी आली आणि खाली उतरायच्या ऐवजी वर चढली.

डॉ. कुमुद रावत पन्नाशीच्या, बारीक, स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. त्यांनी चहा विचारला नाही. प्रस्ताव ठेवून घेतला, हिंदीत म्हणाल्या, "एक वही पण द्या. पाच दिवसांनी या."

"वही मराठीत आहे, मॅडम."

"लिपी तर तीच आहे ना? अडेल तिथे विचारीन."

आणि त्यांनी विचारलं. दुसऱ्या दिवशी मेसेज आला: 'बिऱ्हाड म्हणजे काय? घर की सामान?' तिसऱ्या दिवशी: 'पेज कशाची करतात?' सुनयना निवासाच्या जिन्यात थांबून उत्तरं लिहायची. आपली वही कुणीतरी ओळ न् ओळ वाचतंय, या जाणिवेने तिला आनंद झाला, आणि पाठवण्याआधी प्रत्येक उत्तर ती दोनदा वाचायची.

पाचव्या दिवशी वहीत पेन्सिलीच्या खुणाच खुणा होत्या.

"छान ऐकता तुम्ही," कुमुद मॅडम हिंदीत म्हणाल्या. "लिहिताही छान. एक गोष्ट सांगा, 'सोय' म्हणजे सुविधा ना?"

"हो."

"या वहीत एकोणीस कुटुंबं आहेत. एकोणीसच्या एकोणीस म्हणतात, सोय चांगली आहे. आजारी माणूस, परकं शहर, छोटी खोली, महिनोन्‌महिने. आणि कुणाचीही एक तक्रार नाही. असं कसं?"

"खरंच चांगली आहे, मॅडम. आम्ही खूप लक्ष देतो."

"असेल. पण हे ते कुणाला सांगतायत?"

कुमुद मॅडमनी वहीचं पान उलटलं.

"खोलीची मुदत कोण वाढवतं?"

"मी."

"मग ते दुसरं काय सांगणार? किल्ली तुमच्या हातात, आणि वहीही तुमच्याच हातात."

"मी कुणावर कधी जबरदस्ती केली नाही," सुनयनाचा आवाज चढला. "ते आपण होऊन बोलतात."

"केली असं मी म्हणत नाही. पण त्यांना नाही म्हणायचं असेल, तर ते म्हणू शकतात का?"

सुनयनाच्या डोळ्यांपुढे भिंतीच्या आधाराने उतरणाऱ्या लताबाई आल्या. आणि त्याच वेळी, का कोण जाणे, फोनवर "जी सर" म्हणणारा स्वतःचा आवाज तिला ऐकू आला. तिने घाईघाईने पर्स उघडली आणि माथुर सरांच्या सहीचा अर्ज टेबलावर ठेवला.

"माझ्याकडे सही आहे, मॅडम. अजून आठ दिवस आहेत."

कुमुद मॅडमनी अर्ज नीट वाचला, दोन्ही बाजूंनी. "मग भरून टाका. ते सीनियर आहेत, तुमचं काम अडणार नाही."

"तुम्ही सही कराल का?"

"या वर्षी नाही. आधी त्या खुर्चीवरून उठा. खोल्या दुसऱ्या कुणीतरी द्यायच्या, तुम्ही नाही. ते जमत नसेल तर विषय बदला. जमलं तर जुलैत या. घेईनच असं वचन देत नाही. मधल्या काळात दर पंधरा दिवसांनी दोन पानं लिहून पाठवा, मी वाचीन."

"सात महिने?"

"वीस वर्षं थांबलात ना?"

सुनयना इतकी चिडली होती की मंडी हाउसच्या मेट्रो स्टेशनपर्यंत चालतच गेली. घरी आल्यावर कौस्तुभला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, भर तो अर्ज. आत शिरल्यावर बघता येईल. मार्गदर्शक बदलतातही लोक."

"आणि पुढच्या लग्नाला?"

"कुठलं लग्न?" कौस्तुभने विचारलं. सहा नंबरची खोली तिने त्याला सांगितलेलीच नव्हती. आता सांगितली. तो एवढंच म्हणाला, "हे तू करशील असं वाटलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी ती सहा नंबरात गेली. शेक संपत आले होते, बांधाबांध चालली होती. "काका, त्या तीन दिवसांत त्रास झाला का हो खाली?"

"छे छे! सोय एकदम चांगली होती, ताई," संपतराव म्हणाले. लताबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

पंधरा डिसेंबर आला आणि गेला. संध्याकाळी पाचपर्यंत अर्ज भरता येत होता. साडेचारला सुनयना लॅपटॉप उघडून बसली, पाचला उठली, आणि निवासाच्या सगळ्या मजल्यांवरून उगाच एक चक्कर मारून आली. आपण शहाणपणा केला की मूर्खपणा, हे तिला त्या दिवशीही कळलं नाही, पुढचे कित्येक आठवडेही कळलं नाही.

माथुर सरांना तिने स्वतः फोन करून सांगितलं. सर रागावले नाहीत. "कोई बात नहीं, अगले साल," म्हणाले. लगेच पुढे, "सुनिए, छब्बीस जनवरी के आसपास दो कमरे..."

"सर, अब कमरे अरुणाताई देखती हैं. अर्ज़ी देनी पड़ेगी," सुनयना म्हणाली.

तेव्हा ते खरं नव्हतं. ते खरं करायला तिला जानेवारीचा पूर्ण महिना लागला. निवास चालवणाऱ्या मंडळाचे चिटणीस जयदीप राजवाडे यांना काही केल्या पटेना. "अहो, व्यवस्थापक म्हणून तुमचा जो मान आहे, तो या किल्ल्यांमुळेच आहे," ते म्हणाले. शेवटी मंडळाने अरुणाताई आणि आणखी दोघांची समिती नेमली, आणि सुनयनाकडे ग्रंथालय, शनिवारचे मराठीचे वर्ग आणि इमारतीची देखभाल आली. जे लोक तिला बघून जिन्यातच थांबायचे, ते आता नुसते मान हलवून अरुणाताईंच्या टेबलाकडे जायला लागले. याचं तिला वाईट वाटलं, तिला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त. कुमुद मॅडमना पाठवलेल्या पहिल्या दोन पानांत तिने तेच लिहिलं. पानं परत आली तेव्हा वर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'हे खरं आहे. पुढे लिहा.'

फेब्रुवारीच्या शेवटी संपतराव-लताबाई तपासणीला आले. समितीने त्यांना अकरा नंबर दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी उन्हाला बसावं म्हणून दोघं गच्चीवर आली, तिथे सुनयना टाकीची दुरुस्ती बघत उभी होती. तिने सांगितलं की खोल्यांचं काम आता तिच्याकडे नाही.

"अजिबात नाही?" संपतरावांनी विचारलं.

"अजिबात नाही."

लताबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. जीभ अजून जड होती, शब्द चिकटून बाहेर येत होते. "सांगा की त्यास्नी," त्या म्हणाल्या. "मिक्सरचं."

मग संपतरावांनी सांगितलं. लताबाईंना घट्ट काही गिळता येत नव्हतं, सगळं मिक्सरमधून काढून द्यायचं. हॉलमध्ये मिक्सर लावायला प्लग नव्हता. ते वरण-भाताचा डबा घेऊन कोपऱ्यावरच्या ज्यूसवाल्याकडे गेले. तो म्हणाला, भांड्याला मिठाचा, तेलाचा वास लागेल, गिऱ्हाईक बोंबलेल. पहिल्या दिवशी नाही म्हणाला, दुसऱ्या दिवशी नाही म्हणाला. ते दोन दिवस लताबाई नुसत्या दुधावर होत्या. तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा त्याने फिरवून दिलं.

"चाळीस वर्सं इंजनं दुरुस्त केली मी," संपतराव म्हणाले, "आन् बायकोला वाटीभर भात बारीक करून देता येईना. लई राग आला व्हता, ताई. तुमचा बी आला."

सुनयनाने मान खाली घातली. "मला का नाही सांगितलंत" हे तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं. "खोली मी माझ्या कामासाठी घेतली होती, काका," ती म्हणाली. "पाहुणे माझे होते. चुकलं माझं."

"ते आमाला तवाच कळलं व्हतं," लताबाई म्हणाल्या.

थोड्या वेळाने सुनयनाने विचारलं, "हे मी लिहिलं तर चालेल?"

"आज नको," संपतराव म्हणाले. "उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी हो म्हटलं, पण ज्यूसवाल्याचं ठिकाण लिहायचं नाही या अटीवर. शेवटी त्यानेच फिरवून दिलं होतं.

जुलैत कुमुद मॅडमनी तिला घेतलं. सही करण्याआधी शीर्षक दोनदा बदलायला लावलं आणि जुन्या सात वह्यांतलं काहीही पुरावा म्हणून वापरायचं नाही, असं बजावलं. सगळं पुन्हा पहिल्यापासून. रसिकाने ऐकून कपाळाला हात लावला. त्याच आठवड्यात देविकाचीही कॉलेजची यादी लागली, त्यामुळे घरात दोघींच्या कागदपत्रांची अशी सरमिसळ झाली की कौस्तुभने एकीचे फोटो दुसरीच्या अर्जाला चिकटवले.

कुमुद मॅडमबरोबरच्या पहिल्या बैठकीला सुनयना वेळेच्या अर्धा तास आधीच विभागात पोचली. बसायला बाक होता, पण ती व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिली, हातात कोरी वही घेऊन.